अभिनंदनाच्या ठरावात पदसंख्या, तारीख आणि लेखाशीर्ष लिहा : विधिमंडळ सदस्यांना परिचारिकांचे खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

परिचारिकांच्या अभिनंदनाला कुठल्याच सभागृहात कोणी विरोध करत नाही. दोन्ही बाजूंची बाके वाजतात, सेवा, त्याग, माउली हे शब्द कामकाजाच्या नोंदीत जातात आणि पुढचा विषय पुकारला जातो. १२ मे, म्हणजे परिचारिका दिन, जवळ आला की शुभेच्छांचे फलक लागतात. असा प्रस्ताव पुन्हा कधीतरी येईलच. तो येण्याआधी आमचे म्हणणे आपल्यापर्यंत आणि आपल्या मतदारांपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

आम्ही सरकारी, महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका आहोत. कोणी अधिपरिचारिका, कोणी परिसेविका, कोणी कंत्राटी. आमचा स्वार्थ उघड आहे. रिक्त पदे भरली तर आमची साप्ताहिक सुट्टी रद्द होणार नाही आणि सलग दोन पाळ्या कराव्या लागणार नाहीत. पण तीच पदे रिकामी राहिली की किंमत कोण मोजतो, हे वॉर्डात ज्याचा माणूस झोपलेला आहे त्याला विचारावे.

आधी ठरावाविषयी. अभिनंदनाच्या ठरावाला राज्यपालांची संमती लागत नाही, कारण तो कायदा नसतो. त्याने एक पद निर्माण होत नाही, एक रुपया मंजूर होत नाही, कुठल्या सचिवावर बंधन येत नाही. पैसा हलतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ खालच्या अनुदानाच्या मागण्यांनी, २०४ खालच्या विनियोजन विधेयकाने आणि २०५ खालच्या पुरवणी मागण्यांनी. हे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही, पण वाचकांना सांगायला हवे.

राज्याच्या विधिमंडळाचा प्रत्येक ठराव असा पोकळ असतो, असेही नाही. अनुच्छेद २५२ खाली दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव केले तर राज्यसूचीतल्या विषयावर संसद त्या राज्यांसाठी कायदा करू शकते. रुग्णालयांची नोंदणी आणि किमान मानके ठरवणारा २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा असाच झाला. अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांच्या ठरावांवर तो उभा आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही, आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. म्हणजे आरोग्यसेवेबद्दलचा ठराव दात असलेला कसा असतो, याचा नमुना देशात आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने तर गौरवदिन नि गौरवसप्ताह जाहीर करणारे प्रस्ताव मांडायलाच १९९५ पासून आपल्या नियमांनी बंदी घातली. आम्ही तेवढे मागत नाही. ठराव करा. फक्त त्यात काय लिहायचे ते पुढे सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार संख्येची.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आपल्याच सभागृहांच्या पटलावर आला. सार्वजनिक आरोग्य विभाग असो की वैद्यकीय शिक्षण विभाग, मंजूर पदांच्या तुलनेत परिचारिका ३५ टक्के कमी, असे त्यात नोंदले आहे. हा आकडा मंजूर पदांशी तुलना करून काढलेला आहे. मंजूर पदेच गरजेहून कमी असतील तर खरी तूट त्याहून मोठी.

गरज किती, याचा हिशेब साधा आहे. रुग्णाजवळ चोवीस तास एक परिचारिका ठेवायची तर वर्षाला आठ-आठ तासांच्या १०९५ पाळ्या भरतात. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि ८ नैमित्तिक रजा वजा केल्या की २७५ दिवस उरतात. त्यातून राष्ट्रीय सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, प्रसूती रजेचा सरासरी वाटा काढला तर साधारण २६०. म्हणजे एका जागेवर सतत एक माणूस हवा असेल तर ४.२ पदे लागतात. प्रत्येक पाळीत सहा रुग्णांमागे एक, एवढे माफक प्रमाण धरले तरी ३० खाटांच्या वॉर्डाला पाच जागा, म्हणजे २१ परिचारिका हव्यात. त्यातल्या ३५ टक्के कमी करा. उरतात १३ ते १४. पाळीला येतात जेमतेम तीन, आणि प्रत्येकीच्या वाट्याला नऊ-दहा रुग्ण.

हे झाले खाटांवरच्या रुग्णांचे. जमिनीवर गादी टाकून ठेवलेले रुग्ण कुठल्याच आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, नसतात. त्यांना सलाईन लागते, ताप येतो, त्यांचा केसपेपर असतो, पण पदसंख्या ठरवताना ते अदृश्य असतात. पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टोची साथ आली की ३० खाटांच्या वॉर्डात ४० माणसे सहज असतात. आणि रात्री तिघी नसतात. रजेवर कोणी असेल तर दोघी, कित्येकदा एकटी.

सदस्यांनी अशा वॉर्डाची रात्र कागदावर मांडून पाहावी. रात्रपाळी बहुतेक ठिकाणी आठ ते आठ, बारा तासांची. रात्री दहाच्या प्रतिजैविकाचे इंजेक्शन २५ रुग्णांना द्यायचे आहे. नाव आणि केसपेपर ताडून पाहणे, औषध विरघळवणे, शिरेतली सुई चालू आहे का ते बघणे, सावकाश देणे, नोंद करणे, हे घाईतही चार मिनिटांखाली होत नाही. शंभर मिनिटे. शेवटच्या रुग्णाचा दहाचा डोस अकरा चाळीसला. वॉर्डात सहा रुग्ण स्वतःहून कूस बदलू शकत नसतील तर पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांना वळवावे लागते. सहा रुग्ण, सहा वेळा, छत्तीस वळवण्या. प्रत्येकीला दोन माणसे आणि पाच मिनिटे, म्हणजे दोघींचे तीन तास. एकटी असेल तर दुसरे हात रुग्णाच्या नातेवाइकाचे, आणि नातेवाईक नसेल तर वळवणे राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो. पुढे त्याची जखम होते, ती महिनोन्महिने भरत नाही. त्यातच कोणाला रक्त लावायचे असेल तर पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने खाटेशेजारीच थांबायचे असते, कारण रक्त जुळले नाही तर धाप, थंडी, पाठदुखी ही लक्षणे बहुधा तेव्हाच सुरू होतात. त्या पंधरा मिनिटांत पलीकडच्या खोलीतली सलाईन संपते, सुईत रक्त गोठते, पुन्हा शीर शोधावी लागते. मग नातेवाईक ओरडतात. त्यांचे चुकत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही जवळपास तेच आले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९९ मध्येच कायदा केला आणि २००४ पासून तिथे वॉर्डनिहाय प्रमाण बंधनकारक झाले. अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक, साध्या वैद्यकीय-शस्त्रक्रिया वॉर्डात २००५ पासून पाचांमागे एक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये असाच कायदा केला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. मात्र हे मानक पाळले नाही म्हणून कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

पदे रिकामी का राहतात, यावर ‘उमेदवार मिळत नाहीत’ हे उत्तर सभागृहात ऐकवले तर कृपया स्वीकारू नका. सरळसेवा भरतीची साखळी बघा. रुग्णालय रिक्त पदे कळवते, मंडळ पातळीवर बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची यादी, तपासून घ्यावी लागते, वित्त विभागाची मान्यता येते, मग जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, समुपदेशन, नियुक्ती. एकेका टप्प्यावर फाईल महिनोन्महिने थांबते. शेवटी ज्यांना नियुक्ती मिळते त्यांतल्या काही जणी तोवर दुसरीकडे रुजू झालेल्या असतात आणि प्रतीक्षा यादीची मुदत संपलेली असते. दरम्यान निवृत्त्या चालूच असतात. गंमत अशी की निवृत्ती ही एकमेव रिक्तता आहे जी अगोदर कळते. कोण कधी ५८ वर्षांची होणार हे सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. तरी मागणीपत्र जागा रिकामी झाल्यावरच निघते.

हा खड्डा बाह्यस्रोताने बुजवायचा मार्ग सरकारला सोपा वाटतो. २०२२ च्या मे महिन्यात, ज्या महिन्यात परिचारिका दिन येतो त्याच महिन्यात, राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. कंत्राटदाराच्या परिचारिकेला आज मेडिसिन, उद्या बालरोग, परवा अपघात विभाग असे फिरवले जाते. व्हेंटिलेटरचा गजर कोणत्या कारणाने वाजतो हे हाताला समजायला महिने लागतात, तोवर तिचे कंत्राट संपते. ज्येष्ठ परिचारिका नव्या मुलींना शिकवत राहतात आणि मुली बदलत राहतात.

दुसरी गोष्ट उद्घाटनांची. ५० खाटांच्या रुग्णालयाचे १०० खाटांत श्रेणीवर्धन झाले की फीत कापायला आपण असता. इमारतीची फाईल बांधकाम विभागाकडून फिरते, पदनिर्मितीची वित्त विभागाकडून. पहिली आधी संपते. मग नवीन मजल्यावर काही खोल्यांना कुलूप राहते, किंवा जुन्याच परिचारिका दोन मजल्यांत वाटल्या जातात. यातले दुसरे जास्त धोक्याचे, कारण बाहेरून सगळे सुरळीत दिसते. ज्या दिवशी खाट सुरू होते त्याच दिवशी तिच्यामागची पदे सुरू व्हावीत, हा नियम करायला कुठला अभ्यासगट नको.

तिसरी, सुई टोचण्याची. वापरलेली सुई परिचारिकेच्या हाताला लागली आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असला, तर लस न घेतलेल्या परिचारिकेला संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातले प्रतिपिंड १० एककांच्या वर आले का, हे तपासावे लागते. ती तपासणी क्वचितच होते. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू करायची, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, पुढे २८ दिवस चालू ठेवायची. आता रात्री अडीच वाजता सुई लागली तर गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, ही चौकशी वॉर्डात करून पाहा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कर्मचाऱ्यांचे लसीकरण, रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी हे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. सुयांसाठी पांढरा, न टोचणारा, गळती नसलेला डबा लागतो. तो पुरवठ्यात नसला की सलाईनच्या रिकाम्या बाटलीचे तोंड कापून काम भागवतात, आणि सुया तिथूनच बाहेर येतात. या डब्याची किंमत सत्काराच्या शालीपेक्षा जास्त नसावी.

चौथी, आगीची. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. दोन्ही प्रकरणांत परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. न्यायालयात काय ठरेल ते ठरो, त्यावर आम्ही बोलत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की विजेचा भार मोजणे, तारा बदलणे, धूरसूचक आणि पाण्याचे फवारे बसवणे, अग्निसुरक्षेच्या अंदाजपत्रकाला मान्यता देणे यांपैकी परिचारिकेच्या अखत्यारीत काय येते? तिच्या हातात येतो तो अग्निशामक सिलिंडर, तोही मुदतीतला असला आणि चालवायला कोणी शिकवले असले तर. नवजात कक्षातली बाळे बाहेर काढायची तर एका खेपेला दोन हातांत दोन बाळे. कक्षात सतरा होती, सात वाचली.

हिंसेबद्दल फार लांबवत नाही. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासून आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत, मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कायद्याची कमतरता नाही. रुग्णालयाने स्वतः फिर्याद द्यायची की मार खाल्लेल्या परिचारिकेने ड्युटी संपवून ठाण्यात जाऊन बसायचे, हे ठरलेले नाही. आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात हल्ला झाला, तेव्हा त्या तिथे कपडे बदलायला गेल्या होत्या. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची जवळपास ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्या जाईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळले. त्या सेवेचा गौरव पुष्कळ झाला. कपडे बदलण्याची खोली आजही कित्येक रुग्णालयांत कपाटांच्या आडोशाला आहे.

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांची कहाणी ठरावांत सहसा येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलेले वेतन असे : २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके, १०० ते २०० खाटांत त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांतही महिना २० हजारांच्या खाली नाही. केरळने २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात छोट्या रुग्णालयांत याच्या निम्म्यावर काम चालते, आणि मूळ प्रमाणपत्रे नोंदणीसह व्यवस्थापनाच्या कपाटात अडकवून ठेवलेली असतात, म्हणजे मुलगी सोडून जाणार नाही.

पदनामाचेही तसेच झाले. केंद्राने २०१६ मध्ये ‘स्टाफ नर्स’चे ‘नर्सिंग ऑफिसर’ केले. नाव चांगले आहे. पण चादरी मोजून धोब्याला देणारी, हरवलेल्या चादरीची भरपाई पगारातून देणारी आणि निवृत्तीच्या वेळी जडवस्तू नोंदवहीतल्या एका मोडक्या स्टुलापायी ‘ना देय’ दाखल्यासाठी हेलपाटे घालणारी अधिकारी दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडणार नाही.

तर आमच्या मागण्या अशा.

१. यापुढे परिचारिकांच्या गौरवाचा कोणताही प्रस्ताव मांडताना त्याच्या मसुद्यात तीन गोष्टी असाव्यात : किती पदे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या तरतुदीतून. या तीन गोष्टी देता येत नसतील तर प्रस्ताव मांडू नये. आम्हाला वाईट वाटणार नाही.

२. येत्या अधिवेशनात रुग्णालयनिहाय मंजूर, भरलेली, कंत्राटी आणि रिक्त पदे, आणि प्रत्येक वॉर्डात रात्रपाळीला प्रत्यक्ष किती परिचारिका असतात, याची माहिती दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावी. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, जे आयुध वापरायचे ते वापरा. मंत्र्यांनी ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हटले तर ते सभागृहात दिलेली आश्वासने तपासणाऱ्या समितीकडे जावे.

३. परिचारिका-रुग्ण प्रमाणाचे विधेयक मांडावे. सरकार मांडत नसेल तर कोणीही सदस्य अशासकीय विधेयक आणू शकतो. प्रमाण खाटांवर न ठरवता दाखल रुग्णांवर ठरवावे आणि रजेची राखीव पदे कायद्यातच लिहावीत. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालये त्यात यावीत, खासगी परिचारिकांच्या वेतनाचे समितीने सांगितलेले टप्पे अधिसूचनेने लागू व्हावेत, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवणाऱ्या रुग्णालयाची नोंदणी धोक्यात यावी.

४. निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांचे मागणीपत्र अठरा महिने आधी जावे. नवीन खाटांना प्रशासकीय मान्यता देताना पदनिर्मितीचा आदेश त्याच शासन निर्णयात असावा.

५. हिपॅटायटिस बी लस, प्रतिपिंड तपासणी, चोवीस तास उघडता येणारा प्रतिबंधक गोळ्यांचा साठा, सुयांचे डबे, कडीची खोली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सांगितलेले पाळणाघर, यांचा तालुकानिहाय अहवाल वर्षातून एकदा यावा. हल्ला झाल्यास फिर्याद रुग्णालय प्रमुखाने द्यावी, असा स्पष्ट आदेश निघावा.

विधानसभेत आपण २८८ आहात, परिषदेत ७८. प्रत्येकाच्या मतदारसंघात किंवा जिल्ह्यात एक तरी सरकारी रुग्णालय आहे. अधिवेशनाला निघण्याआधी तिथे एकदा रात्री एक ते तीनच्या दरम्यान, आगाऊ न कळवता, फोटोग्राफर न नेता जाऊन या. वॉर्डात शिरल्यावर रुग्ण मोजा, मग परिचारिका मोजा, आणि ते दोन आकडे सभागृहात सांगा.

आपल्या,
राज्यातील सरकारी, महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी रुग्णालयांतील काही परिचारिका